झाड अजून पाणी पितंय

एस्तेर, तुझं झाड आजही दोन लोटे पाणी प्यालं.

तुला जाऊन महिना होऊन गेला. रोज सकाळी दहाच्या सुमारास मी तुझं कुलूप उघडते, चपला बाहेर काढते, कारण आत चपला घातलेल्या तुला चालायच्या नाहीत, आणि पुढच्या खोलीत जाऊन बादलीत वाकून बघते. पाणी उतरलेलं असतं. बादलीखाली पेपर अंथरून पाहिला, तो कोरडा. बादली फुटकी असेल म्हणून माझ्या घरची नवी आणून ठेवली, तरी तेच. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं मी, फळ्यावर खडूने बाष्पीभवन लिहून हात पांढरे केले. पण अमरावतीच्या थंडीत बंद खोलीत दोन लोटे पाणी उडून जात नाही, एवढं मला कळतं.

आणि हे झाड पाणी पिऊच शकत नाही, हे माझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं. ते शिळं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले होते. तुझ्या प्रार्थनासभेत सगळे डोळे पुसत होते, तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: एस्तेर फसून गेली, की ओळखून गेली? तू गेल्यानंतरचे पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही, या एका प्रश्नापाशी बसून राहिले.

आपली ओळख शाळेतली. तू मराठीची, मी विज्ञानाची, आणि स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी आपण खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून भांडलो. मग योगायोगाने या कॉलनीत घरंही अशी मिळाली की मधली भिंत एकच. भांडायला घराबाहेर पडायची गरज उरली नाही. तू माझ्या उपम्यात मीठ कमी म्हणायचीस आणि दोनदा वाढून घ्यायचीस. मी तुझ्या नाताळच्या करंज्या तेलकट म्हणायचे आणि डबाभर घरी न्यायचे.

झाडाची जबाबदारी मात्र माझी होती. तुमच्यात नाताळला सुरूचं झाड लागतं, आणि माझ्या माहेरी शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बगीच्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून सुरूची अख्खी रांग होती. दरवर्षी डिसेंबरात मी जायचे, दादा एखाद्या झाडाचा शेंडा उतरवून द्यायचा, आणि संत्र्याच्या टेम्पोत पेट्यांवर आडवा टाकून मी तो तुझ्या दारात आणायचे. तू पदर खोचून तयार असायचीस. आधी बुंध्याचं तोंड हुंगायचीस, मग जवळची करवत घेऊन खालचं दोन बोटं लाकूड कापून टाकायचीस आणि लगेच बादलीत उभं करायचीस, चारी बाजूंनी विटांचे तुकडे लावून.

"कापलं का त्याचं तोंड चिकानं मिटते वं," तू मला सांगायचीस, जसं काही मी ते वर्गात शिकवलंच नाही. "मिटलेल्या तोंडाले कितीही पाणी दे, ते घेत नाई."

"आडवं नको कापू, तिरपं काप. जास्त पाणी ओढते," मी म्हणायचे.

"तिरपं कापलं तर उभं कोण राहीन, तू?"

पाण्यावरून दुसरं भांडण. मी म्हणायचे चमचाभर साखर टाक, एक डोकेदुखीची गोळी टाक. तू म्हणायचीस नुसतं पाणी, नळाचं, आणि पातळी कायम बुंध्याच्या तोंडाच्या वर राहिली पाहिजे. एका वर्षी आपण दोन फांद्या दोन बरण्यांत ठेवून निकाल लावायचा ठरवलं. तुझी सहा जानेवारीपर्यंत हिरवी राहिली, माझी वर्षअखेरीलाच झडली. मी म्हणाले की माझी फांदी मुळातच बारीक होती. तू फक्त माझी बरणी धुऊन परत आणून दिलीस, आणि ते मला जास्त लागलं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. तुझी लेक शैला येणार होती. तिच्या लग्नावरून तुमचं जे वाजलं, त्याला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत तिने पुण्याहून अमरावतीत पाऊल ठेवलं नव्हतं. दिवाळीनंतर तिचा फोन आला, चोवीस तारखेला येते म्हणून. हसत हसत म्हणाली, झाड हिरवं असलं तरच येईन, मला पिवळं झाड नको. लहानपणी ती त्या झाडाखाली चटई टाकून झोपायची. तिने ते सहज म्हटलं असेल. तू मात्र ते धरून बसलीस. तुझं हृदय आधीच थकलेलं, जिना चढलीस तरी ओठ निळे पडायचे, डॉक्टरांनी बादली उचलायलासुद्धा मना केलं होतं. आणि तू रोज मला विचारायचीस, "दादाले सांगितलं ना वं? चांगलं भरगच्च पाहून ठेवजो म्हना."

मी अठरा तारखेला गेले, तर रांगच नव्हती. दादाने नवीन कलमं लावायची म्हणून आठ तारखेलाच सगळे सुरू पाडले होते. विहिरीच्या सावलीत एक शेंडा तेवढा पडून होता, दहा दिवसांचा. रंग अजून हिरवा होता, पण बुंध्याचं तोंड तपकिरी पडून तडकलं होतं. टेम्पो फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवत होता. मी दादाला म्हटलं, "चिखल लाव रे याले." कलम दूर न्यायचं असलं की आमच्याकडे मुळाला काळ्या मातीचा चिखल थापून पोत्यात बांधतात, तसा त्याने बुंध्याला थापला, वरून ओलं पोतं गुंडाळलं. दोन बोटं लाकूड तिथेच कापलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. करवत घरात होती, चिखल हाताशी होता.

तू दारात उभी होतीस. बुंधा हुंगायला वाकलीस तर पोतं.

"हे काय वं?"

"आज सकाळीच कापलं. दादानं चिखल लावून देला, नवीन पद्धत हाय म्हने. आता कापू नको, चिखल धुऊन सरळ पाण्यात ठेव. तुह्या छातीले झेपत नाई."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता भांडण सुरू होणार. पण तू म्हणालीस, "बरं." एवढंच. मी सुटले म्हणून घरी आले आणि चहा ठेवला. आज मला त्या 'बरं'ची भीती वाटते. इतक्या वर्षांत तू माझं एकही म्हणणं एका शब्दात ऐकून घेतलं नव्हतंस.

तीन दिवस झाड पाणी प्यालं नाही. तू पांढऱ्या बादलीवर आतून पेन्सिलीने खूण केली होतीस आणि पाणी त्या खुणेवरून हललं नाही. "थंडीनं असन," मी म्हणाले. विज्ञानाची बाई म्हणाली थंडीनं असेल. एकवीस तारखेला सकाळी नऊ वाजता मी आल्याचा चहा घेऊन आले, तर तू झाडाशेजारी चटईवर, भिंतीला पाठ टेकून बसलेली. डोळे मिटलेले. फरशी नुकतीच झाडून पुसलेली होती. मी चहा खाली ठेवला आणि तुझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. ते कधीतरी व्हायचंच होतं, असंही म्हणाले.

शैला त्याच रात्री आली. चोवीस तारखेची वाट बघायची तिच्यावर वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी तुला कब्रस्तानात नेलं. घरी परत आल्यावर ती त्या झाडासमोर उभी राहिली, काही न सजवलेलं, नुसतं हिरवं झाड, आणि म्हणाली, "मावशी, मला हे बघवत नाही. पण आईचा नेम होता, झाड सहा जानेवारीलाच काढायचं. तोवर तुम्ही पाणी घालाल?" मी हो म्हणाले. मनात म्हटलं, कशाला घालायचंय, हे पीतच नाही. वाकून बघितलं, तर पाणी तुझ्या खुणेच्या चार बोटं खाली होतं.

तेव्हापासून हे सुरू आहे. शैला गेल्यावर घर बंद झालं. खिडक्या मी स्वतः लावल्या, पंखा बंद, ऊन आत येत नाही, सगळं तुझ्या नियमाप्रमाणे. कापून इतके दिवस झालेला सुरू एव्हाना भुरा पडायला हवा, हात लावला की झडायला हवा. हा दिवसेंदिवस तुकतुकीत होत गेला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेंड्याला नवीन पोपटी टोकं दिसली. मी हात लावला तर ती गार आणि ओलसर होती, आणि मी हात मागे घेतला. झाडाला घाबरून मागे सरकलेली मी पहिलीच विज्ञानाची बाई असेन.

पाण्याचं एक वेळ सोडून देईन. पण सकाळी सातच्या सुमारास भिंतीतून एक आवाज यायचा. खस्स, खस्स, मग थांबायचा, मग परत खस्स, खस्स. तू खोबरं किसायचीस ना नाताळच्या आधी, तसा. तू गेलीस त्या सकाळीही मी तो ऐकला होता, अंथरुणातच, आणि मनाशी म्हटलं होतं, बघा, लेक येणार म्हणून करंज्यांची तयारी चालली आहे. तू गेल्यावरही तो येत राहिला. मी पदर खोचून, किल्ली घेऊन तीनदा धावत आले. कुलूप जसंच्या तसं. आत झाड उभं, चटई गुंडाळलेली, किसणी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली. मी किसणीला बोट लावून पाहिलं, कोरडी होती. मला वाटलं, म्हातारपण आलं, कान गेले. कोणाला सांगितलं नाही. तुलाच सांगितलं असतं आणि तू मला वेडी म्हणाली असतीस.

मी त्या झाडाशी बोलायलाही लागले होते, हे तुला सांगायला लाज वाटते. पाणी ओतताना विचारायचे, एस्तेर, तुले कळलं होतं का वं? झाड ऐकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी परत दोन लोटे कमी.

सहा तारखेला दुपारी शैला आली. झाड बघून ती दारातच थांबली. "मावशी, हे तेच आहे?"

"तेच."

"बदललं नाही ना तुम्ही?"

"कुठून बदलू? दादाकडे सुरू राहिलाच नाई."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिने एक फांदी बोटांत धरून बघितली. मग म्हणाली, काढायच्या आधी एकदा सजवू या, आईची पेटी कुठे आहे? तुझ्या पलंगाखालची ती निळी पत्र्याची पेटी तिने ओढून काढली. चांदण्या, घंटा, कापसाचा बर्फ. आणि सगळ्यांच्या वर, पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. पेपर त्याच सकाळचा होता, एकवीस तारखेचा. शैलाने तो उघडला. आत करवत होती, तिच्या दातांना लाकडाचा भुसा चिकटलेला. भुशाची एक पुडी. आणि मनगटाएवढी एक चकती, एका बाजूने तपकिरी, तडकलेली, काळी माती सुकून बसलेली. दुसऱ्या बाजूने ताजी होती, पण सरळ नव्हती. कड एकीकडे दोन बोटं, दुसरीकडे एकच. माझं ऐकून तू तिरपी कापलीस, की हात थरथरून ती तशी गेली, हे मला आता कोणीही सांगू शकत नाही.

मी खाली बसले. भिंतीतला आवाज किसणीचा नव्हता.

मग मी शैलाला सगळं सांगितलं. शेंडा दहा दिवसांचा होता, चिखल मी लावायला सांगितला, तुला कापू नको म्हणाले कारण तोंड दिसलं असतं. "तुह्या आईनं माह्या खोट्यापायी जीव देला," मी म्हणाले, आणि एवढे दिवस जे आलं नव्हतं ते रडू आलं.  शैलाने मला जवळ घेतलं नाही, आणि बरं झालं घेतलं नाही.

"मावशी, त्या दिवशी सकाळी सात वाजता आईचा मला फोन आला होता," ती म्हणाली. "धाप लागली होती तिला. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, झाड कापून राहिली. शोभीनं शिळं आनलं वं. तिच्या भावानं झाडं तोडली असन, तिले सांगाची लाज वाटून राहिली. तू तिले बोलू नको, ती जिवाले लावून घेते."

मी चकती मातीची बाजू खाली करून फरशीवर ठेवली.

"आणि मी काय म्हणाले माहीत आहे?" शैला म्हणाली. तिचा आवाज एकदम तुझ्यासारखा झाला होता. "मी म्हणाले, मग नीट काप हं आई, मला हिरवं पाहिजे. असं म्हणाले मी. राहू दे नाही म्हणाले."

आम्ही दोघी ती चटई पसरून बसलो, मधे ती चकती. शेवटी तिने झाड सजवलं, एकटीनेच, आणि ते काढायचं नाव काढलं नाही. जाताना किल्ली परत माझ्या हातात दिली. "पितंय तोवर राहू द्या, मावशी." ती पुन्हा येते आहे, पुढच्या महिन्यात, सुट्टी काढून. आता तिला यायला झाडाचं निमित्त लागत नाही.

पेटी उघडली त्या दिवसापासून भिंतीतला आवाज बंद झाला. पाणी मात्र जातंच आहे. ताज्या कापाचं तोंड दोन-तीन दिवस, फार तर दोन आठवडे पाणी ओढेल, असं शास्त्र म्हणतं. आता महिना उलटला. मी कारण शोधणं सोडलं आहे. दोन लोटे ओतायचे आपण, एवढंच धरून चालते.

मी पंधरा दिवस ज्याची वाट बघत होते ते उत्तर मला मिळालं. तुला कळलं होतं. दारातच, पोत्याकडे बघतानाच कळलं होतं. मला वाटायचं, हे कळलं की मी मोकळी होईन. उलट मला तुझा राग आला आहे, एस्तेर, आणि तो खाली बसत नाही. तू माझ्याशी खिडकीवरून भांडलीस, मिठावरून भांडलीस, साखरेच्या एका चमच्यावरून बरण्या मांडून भांडलीस. जिथे भांडायला हवं होतं तिथे मात्र माझी लाज राखलीस. खोटारडी म्हणायचं होतंस मला. मला ते सोसलं असतं. भुसासुद्धा झाडून घेतलास, फरशी पुसलीस, करवत लपवलीस, छातीत कळ येत असताना, का तर शोभीला कळू नये. माझ्यावर एवढी माया करायला तुला कोणी सांगितलं होतं?

मी जागी होते गं. भिंतीपलीकडे, चार हातांवर, पांघरुणात. तू एकदा भिंतीवर थाप मारून ओरडायचं होतंस, शोभे, लबाडे, ऊठ, इकडे ये. मी आले असते. तुझ्या शिव्या खात खात झाड आडवं केलं असतं, आणि ते दोन बोटं लाकूड मी कापलं असतं.